सोडणं, सालं आणि सावरीचा कापूस: तेलकट पाण्यावरून तेल कसं काढावं

माझ्या भावाची मासेमारीची बोट आहे. इंजिनाखाली, बोटीच्या बुडाशी रोज थोडं पाणी साचतं. पंख्याच्या शाफ्टकडून समुद्राचं पाणी झिरपतं, त्यात डिझेलचे थेंब पडतात, इंजिन ऑइल मिसळतं. बंदरात आलं की पंप लावून हे पाणी बाहेर फेकायचं, ही सगळ्यांचीच रीत. पंप सुरू झाला की बोटीच्या कडेने पाण्यावर मोरपिसासारखे रंग पसरत जातात.

लहानपणी मला ते रंग बघायला आवडायचे. पुढे शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि एकदा फळ्यावर हिशोब मांडला. रंगीत दिसणारा तेलाचा थर १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग जाडीचा धरला, तर १ लिटर डिझेल १,००० चौरस मीटर पाणी झाकतं. म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. गुंठ्यांत सांगितल्यावर वर्ग एकदम गप्प झाला, कारण दहा गुंठे म्हणजे किती हे त्या मुलांना पायाने ठाऊक होतं.

त्या वर्षापासून मी नारळाची सोडणं (करवंटीवरचं धाग्याचं जाड आवरण), केळीची आणि संत्र्याची सालं घेऊन या पाण्याच्या मागे लागले. काय जमतं आणि काय जमत नाही ते इथे सविस्तर लिहिते आहे. बोटीच्या बुडाचं पाणी, गॅरेज किंवा वॉशिंग सेंटरची टाकी, खानावळीच्या मोरीचा खड्डा, शेतातल्या डिझेल पंपाखालचं डबकं, अशा लहान आणि संथ पाण्यासाठी ही पद्धत आहे.

आधी तेल ओळखा

ही पायरी गाळून सालं वाळवायला घेऊ नका, मेहनत वाया जाईल. तेलकट पाणी एका पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत भरा, झाकण लावा आणि तासभर न हलवता ठेवा. मग उजेडात धरून बघा.

तेलाचा थर वर वेगळा दिसला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ असलं, तर तेल मोकळं आहे. फळांचा कचरा हेच तेल उचलतो. पाणी दुधासारखं किंवा राखेसारखं गढूळच राहिलं, तर तेलाचे बारीक कण पाण्यात मिसळून गेले आहेत. त्यांच्यावर सालांचा फारसा इलाज चालत नाही. पाणी दिसायला स्वच्छ आहे पण डिझेलचा वास येतो, याचा अर्थ तेलातले काही घटक पाण्यात विरघळलेत. तेही साल काढू शकत नाही.

दुधाळ पाणी होण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे साबण. आमच्याकडेही भाऊ पंप लावण्याआधी मूठभर धुण्याची पावडर टाकायचा. रंग नाहीसे व्हायचे आणि पाणी साफ झालं असं वाटायचं. प्रत्यक्षात साबणाने तेलाचे बारीक बारीक कण केलेले असतात. ते पृष्ठभागावरून खाली उतरतात, आणि जे तेल एका उशीने उचलता आलं असतं ते आता कशानेच उचलता येत नाही. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा: तेलकट पाण्यात साबण, पावडर, भांडी घासायचं द्रव, काहीही टाकू नका.

पाणी आधीच दुधाळ झालं असेल तर तुरटी वापरून बघता येते. १ लिटर पाण्याला पाव ते अर्धा ग्रॅम तुरटीपासून सुरुवात करा. आधी जोरात आणि मग हळूहळू ढवळा, अर्धा तास ठेवा. गोळे धरून खाली बसले किंवा वर आले तर ते कापडातून गाळून वेगळे करा. हा गाळही तेलकटच असतो, त्याची व्यवस्था शेवटी सांगितली आहे तशीच लावायची.

आणि पेट्रोल असेल तर ही पद्धत वापरायचीच नाही. पेट्रोलची वाफ साध्या हवेतही पेट घेते. जागा मोकळी करा, वारा खेळू द्या, बटणं चालू-बंद करू नका. डिझेल, इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हायड्रॉलिक ऑइल आणि स्वयंपाकाचं तेल, एवढ्यांपुरतंच पुढचं वाचा.

साल तेल का धरतं

फळाच्या सालीत आणि धाग्यात दोन प्रवृत्ती एकत्र नांदतात. मेण आणि लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) तेलाला जवळ करतात. साखर, पेक्टिन आणि सेल्युलोज पाण्याला जवळ करतात. ताजी साल पाण्यात टाकली की पाण्याची ओढ जिंकते, साल पाणी पिऊन जड होते आणि बुडते. आपण पुढे जे जे करणार आहोत, म्हणजे धुणं, वाळवणं, भाजणं, ते सगळं पाण्याची बाजू दुबळी करून तेलाची बाजू बळकट करण्यासाठी. तेल मग सालीतल्या बारीक पोकळ्यांत चढतं, दिव्याच्या वातीत चढतं तसं.

कुठलं फळ घ्यावं

नारळाच्या सोडणाला माझी पहिली पसंती. सोडण म्हणजे नारळाच्या फळाचाच भाग, आणि त्यात लिग्निन भरपूर. त्यामुळे ते लवकर कुजत नाही, खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाही. कोकणात ते फुकट मिळतं, चुलीत जातं किंवा परसात पडून राहतं. धागा आणि भुसा वेगळे करून घ्या, कारण दोघांचं काम वेगळं आहे. धागा पाणी कमी धरतो, दाट इंजिन ऑइल अडवायला आणि उशीला आकार द्यायला तो उत्तम. भुसा मात्र न भाजता वापरला तर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितो. कोकोपीट कुंडीत घालतात ते त्याच गुणासाठी. म्हणून भुसा भाजल्याशिवाय वापरायचा नाही.

केळीची साल लवकर वाळते, हलकी होते आणि डिझेलसारखं पातळ तेल चांगलं धरते. पण तिच्यात पाणीच इतकं असतं की १० किलो ओल्या सालींतून हातात जेमतेम १ ते सव्वा किलो सुकी साल येते. वेफर्स करणाऱ्यांकडे किंवा मंगल कार्यालयात एकरकमी सालं मिळत असतील तरच हा उद्योग परवडतो.

संत्री-मोसंबीच्या सालीत एक गोम आहे. वरचा केशरी भाग उपयोगाचा, आतला पांढरा भाग पेक्टिनने भरलेला, तो पाण्यात फुगतो. शिवाय सालीत तिचं स्वतःचं सुगंधी तेल असतं. ते काढून न टाकता साल वापरली तर पाण्यावर तुम्ही आणखी एक तेल सोडता. नागपूर-अमरावतीकडे रसवाल्यांकडे सालींचे ढीग पडतात, तिथे ही मेहनत घेण्यासारखी आहे. पांढरा भाग चमच्याने खरवडून टाका.

डाळिंबाची साल चालते, पण तिचा रंग पाण्यात उतरतो. तो जाईपर्यंत धुवावी लागते. आंब्याच्या कोयीचं कवच चांगलं, पण फोडणं-दळणं जिवावर येतं. काजूची बोंडं या कामाला घेऊ नका, सगळी साखर आणि रस. फणसाची चारखंडं, म्हणजे गरे काढून उरलेली सालं, गुरांनाच घालावीत, त्यांचा तो जास्त चांगला उपयोग आहे.

आणि मग सावर. एप्रिल-मेमध्ये काटेसावरीची बोंडं फुटतात आणि कापूस वाऱ्यावर उडायला लागतो. हा तंतू आतून पोकळ असतो आणि बाहेरून त्यावर मेणाचा पातळ थर असतो. पाण्यावर टाकला तर भिजत नाही, तरंगत राहतो. तेलाचा थेंब लागला की क्षणात ओढून घेतो. सालींचा चुरा स्वतःच्या वजनाच्या दोन-तीन पटींपासून पाच-सहा पटींपर्यंत तेल धरतो. सावरीच्याच कुळातल्या कपोकचा तंतू तीस-चाळीस पट धरतो. मी पहिल्यांदा ताटलीतल्या डिझेलच्या तवंगावर सावरीचं एक बोट भर पुंजकं ठेवलं, तेव्हा सभोवतीचे रंग चहूबाजूंनी त्याच्याकडे सरकत गेले आणि मिनिटाभरात पाणी काळंभोर, आरशासारखं झालं. शेजारी बसलेले तांडेल काका ओरडले, “अगो बाय, पाण्यावरचो रंग गेलो!”

कापूस मिळतो मात्र थोडाच. बोंडं झाडावरून ओरबाडू नका, खाली पडलेलीच वेचा. मी तो जपून ठेवते आणि शेवटचा पातळ तवंग उचलायलाच वापरते.

धुणं आणि वाळवणं

सालीचे बोटभर तुकडे करा. मोठ्या पातेल्यात पाणी कडक तापवून, आच बंद करून त्यात सालं अर्धा तास ठेवा. पाणी काढून टाका, झाडांना घातलं तरी चालतं. असं तीनदा करा. तिसऱ्या पाण्याला चिकटपणा आणि गोडसर वास राहायला नको. सोडणाला गरम पाण्याची गरज नाही, पण त्यातला तांबूस रंग उतरेपर्यंत साध्या पाण्यात दोन दिवस भिजवा आणि रोज पाणी बदला.

वाळवण नेहमीसारखंच. अंगणात जुन्या चादरीवर पातळ पसरा, दिवसातून दोनदा परता, संध्याकाळी आत घ्या. उन्हाळ्यात केळीची साल तीन-चार दिवसांत होते. खूण एकच: तुकडा दोन बोटांत धरून मोडला तर कट् आवाज यायला हवा. वाकला तर अजून ओला आहे. मी पहिल्या खेपेला घाई केली, अर्धवट वाळलेली सालं पोत्यात भरली. आठ दिवसांनी पोतं उघडलं तर आत बुरशी आणि अळ्या, सगळं खड्ड्यात पुरावं लागलं. कोकणात हे काम मे अखेरपर्यंत उरकायचं. एकदा पावसाळी हवा लागली की वाळलेलं सालही पुन्हा ओल धरतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा.

दळणं आणि भाजणं

सालं मिक्सरमध्ये चालतात. सोडण मिक्सरमध्ये घालू नका, पाती जातात. ते हाताने सोलून, काठीने झोडपून मोकळं करा. चुरा रव्याएवढा ते साबुदाण्याएवढा असावा. आधी साबुदाणा अडेल अशा चाळणीतून चाळा, मग पिठाच्या चाळणीतून. पहिल्या चाळणीत अडकलेलं परत दळा, दुसरीतून खाली पडलेलं पीठ बाजूला काढा. पीठ पिशवीतून बाहेर येतं आणि ओलं झालं की चिखलासारखं बसतं, मग तेलाला आत शिरायला वाटच राहत नाही.

आता भाजणं. ही पायरी बरेच जण करत नाहीत, आणि मग “सालं बुडतात” म्हणून सोडून देतात. जाड लोखंडी कढई, अंगणात तीन दगडांची चूल, मंद आच. दोन-तीन मुठींपेक्षा जास्त चुरा एका वेळी घेऊ नका. उलथन्याने सतत हलवत राहा, रवा भाजतो तसं. आधी वाफ येते, मग सालीचा वास बदलतो, आणि अर्ध्या-पाऊण तासाने रंग भाजलेल्या कॉफीच्या बियांसारखा होतो. तिथे थांबा. या भाजण्यात पाण्याला धरून ठेवणारे घटक जळून-तुटून कमी होतात आणि चुरा पाण्यावर तरंगायला लागतो. काळा कोळसा होऊ देऊ नका, तो हाताने चुरगळतो.

संत्र्याच्या सालीचं सुगंधी तेल पेट घेऊ शकतं, म्हणून ती आधी उन्हात पूर्ण वाळलेली असायलाच हवी. कढईवर बसेल असं झाकण हाताशी ठेवा, ठिणगी दिसली की वरून झाकून टाका, पाणी मारू नका. भाजलेला चुरा पत्र्याच्या ताटात पसरून ठेवा आणि तासाभराने पुन्हा हलवून बघा. वरून गार दिसतो, पण मध्ये एखादा कण धुमसत असतो. त्याच दिवशी पोत्यात भरायचा नाही.

कस लावून बघा

दोन परीक्षा आहेत, दोन्ही घरातल्या वजनकाट्यावर होतात.

पहिली नुसत्या पाण्याची. बरणीत पाणी घेऊन वर चमचाभर चुरा टाका. भाजणं नीट झालं असेल तर तासाभराने बहुतेक चुरा वरच असतो. अर्ध्याहून जास्त बुडाला तर परत भाजा.

दुसरी तेलाची. १ लिटर पाण्यावर चहाचा अर्धा कप, म्हणजे सुमारे ५० मिली डिझेल किंवा जुनं इंजिन ऑइल ओता. ५ ग्रॅम चुरा जाळीच्या कापडात सैल बांधून वर सोडा, दहा मिनिटं थांबा. बाहेर काढून दोन मिनिटं निथळू द्या आणि वजन करा. समजा पुरचुंडी, कापडाचं वजन वजा करून, २५ ग्रॅम भरली. लगेच “२० ग्रॅम तेल धरलं” असं म्हणू नका. त्यात पाणीही आहे. पुरचुंडी एका अरुंद काचेच्या ग्लासात घट्ट पिळा, थोडा वेळ ठेवा. पाणी खाली बसेल, तेल वर राहील. खालचं पाणी सुई नसलेल्या सिरिंजने ओढून मोजा. ८ मिली पाणी निघालं तर तेल धरलं १२ ग्रॅमच, म्हणजे अडीच पटीहून थोडं कमी. कुठल्याही सालीचा गाजावाजा ऐकलात तर हा पाण्याचा हिशोब केला होता का, ते आधी विचारा.

आता किती चुरा लागेल ते काढता येतं. १ लिटर डिझेलचं वजन सुमारे ८४० ग्रॅम. अडीच पटीच्या हिशोबाने साधारण ३४० ग्रॅम चुरा. प्रत्यक्षात सगळा चुरा तेलाला भिडत नाही, म्हणून दुप्पट धरा.

उशी शिवणं

चुरा पाण्यावर मोकळा कधीच फेकायचा नाही. तो तेल घेऊन खाली बसतो, गाळात मिसळतो, आणि मग ना तेल परत मिळतं ना चुरा. नेहमी उशीत भरायचा.

कापड सुती नको. सुती कापड आधी स्वतः पाणी पितं. जुनी नायलॉनची साडी किंवा मच्छरदाणी दुहेरी करून घ्या. हातभर लांब आणि मनगटाएवढी जाड नळी शिवा, नायलॉनच्या दोऱ्याने, जाळं विणतो त्याच. मध्ये सोडणाचा धागा आणि भोवती चुरा अशी पाऊणच भरा. ठासून भरलेल्या उशीचं पोट कोरडं राहतं आणि कड तेवढी भिजते. एका टोकाला दोरी बांधा आणि दोरीला रंगीत कापडाची चिंधी, म्हणजे अंधारात किंवा काळ्या पाण्यात शोधावी लागत नाही. वरून कांद्याची जाळीची पिशवी चढवली तर उशी फाटली तरी सांडत नाही.

अशाच कल्पनेवर एका अख्ख्या बेटाने काम केलेलं आहे. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ हे जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून सुमारे १,००० टन तेल गळालं. लोकांनी वाट बघितली नाही. उसाचं पाचट कापडी गोण्यांत भरलं, त्या एकमेकींना शिवून लांबच लांब नळ्या केल्या, तरंगत्या राहाव्यात म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि खाजणांसमोर आडव्या टाकल्या. कोकणातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज त्या बेटावर राहतात, म्हणून ती छायाचित्रं बघताना मला ते लांबचं वाटलं नाही. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात पाचट आणि रसवंतीची चिपाडं याच कामाला येतील. फळ नसलं म्हणून काय झालं.

बोटीत

उशी पाण्यात टाकायची वेळ म्हणजे बोट बंदरात शांत उभी असताना, इंजिन गार झाल्यावर. चालू बोटीत पाणी घुसळलं जातं आणि तेल वर यायला वेळच मिळत नाही. दोन उश्या टाका, चार-पाच तास राहू द्या, रात्रभर राहिल्या तर उत्तम. मध्ये एकदा उलट्या करा. बाहेर काढून बादलीवर निथळा. मग सावरीच्या कापसाची लहान पुरचुंडी वरून फिरवा. त्यानंतरच पंप, आणि तोही खालून ओढणारा. शेवटचं चार बोटं पाणी न फेकता डब्यात काढा, कारण वरचं तेल शेवटी तिथेच उतरतं.

पंपाच्या तोंडाजवळ उशी येता कामा नये. पहिल्या वर्षी मी सुती कापडाची उशी दिली होती. बोट समुद्रात असताना ती फाटली, भुसा पंपाच्या जाळीत जाऊन बसला आणि पंप पाणी ओढेना. बुडाशी पाणी चढत होतं. तांडेल काकांनी गुडघाभर काळ्या पाण्यात हात घालून जाळी साफ केली. त्यानंतर दोन गोष्टी पक्क्या ठरल्या: उशीची दोरी पंपापासून दूरच्या खिळ्याला बांधायची, आणि बोट निघण्याआधी उश्या मोजून बाहेर काढायच्या.

गॅरेजमध्ये आणि खानावळीत

इथे टाकीची रचना निम्मं काम करते. तीन खणांची टाकी करा. पहिल्या खणात माती-वाळू बसते. दुसऱ्यात तेल वर जमतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणारा पाइप वरून नाही तर तळाजवळून घ्यायचा, एल्बो (पाइपचा काटकोनी जोड) लावून, म्हणजे वरचं तेल मागेच राहतं. जमलेलं जाड तेल आधी मगाने काढून डब्यात भरा. त्यावर साल खर्च करू नका. उश्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खणात तरंगत्या ठेवा आणि दर दोन दिवसांनी दाबून बघा. टाकीवर पावसाचं पाणी पडत असेल तर पत्रा टाका, नाहीतर पहिल्याच सरीत टाकी भरून वाहते आणि सगळं गटारात जातं. गाडी धुताना साबण लागतोच, तर साबणाचं पाणी आणि इंजिनखालचं तेलकट पाणी वेगवेगळ्या नाल्यांनी न्या.

हे पाणी आता स्वच्छ झालं का?

वरचं तेल गेलं, एवढंच. डोळ्यांना दिसत नाही असं तेल आणि विरघळलेले घटक त्यात आहेत. ते प्यायला, गुरांना, भाजीला किंवा विहिरीजवळ सोडायला अजिबात नाही. सांडपाण्यातल्या तेल आणि ग्रीससाठी आपल्याकडची सर्वसाधारण मर्यादा नदी-नाल्यात सोडताना लिटरला १० मिलिग्रॅम आहे आणि सार्वजनिक गटारात सोडताना २० मिलिग्रॅम. ती पाळली जाते का हे प्रयोगशाळेतच कळतं. गॅरेज किंवा कारखाना चालवत असाल तर वर्षातून दोन-तीनदा नमुना तपासून घ्या.

समुद्रावरची मोठी गळती हा तर वेगळाच विषय. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा तेल खारफुटीपर्यंत पोहोचलं होतं. अशा वेळी आपल्या उश्या घेऊन होडी घालू नका. तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा आणि ते सांगतील तसं करा. पावसाळ्याच्या तोंडाला गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, त्यांच्यावरही सालीचा काही उपयोग नाही. ते घट्ट असतात, हातमोजे घालून वेचावे लागतात. पायाला लागलं तर खोबरेल तेल चोळून पुसा.

भिजलेल्या उशीचं काय करायचं

साल तेल उचलते, नाहीसं करत नाही. पाण्यातलं तेल आता तुमच्या हातातल्या उशीत आहे. ती उशी उकिरड्यावर टाकली तर पहिल्या पावसात ते तेल परत ओढ्यात जातं, आणि तुमचे सगळे दिवस फुकट जातात.

आधी पिळा. रबरी हातमोजे घालून, बादलीवर दोन फळ्यांमध्ये उशी दाबा, उसाचा रस काढतात तशी. निघालेलं तेल-पाणी डब्यात स्थिर ठेवा, वरचं तेल वेगळं करा. हे तेल आणि गॅरेजमधलं जुनं ऑइल एकत्र साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या, पावती घ्या. वापरलेलं इंजिन ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. लाकडाला लावायला, भट्टीत जाळायला ते कुणाला देऊ नका.

पिळलेली उशी पुन्हा चालते. प्रत्येक वेळी थोडं कमी तेल धरते. तीन-चार वेळा झाल्यावर, किंवा पाण्यात टाकल्यावर खाली जायला लागली की ती निवृत्त करा. अशा उश्या झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात, सावलीत, घरापासून आणि चुलीपासून दूर ठेवा. पिंपावर मोठ्या अक्षरांत “तेलकट, जाळू नये” लिहा. एकट्यादुकट्याच्या चार उश्या घ्यायला कुणी येत नाही. मच्छीमार सोसायटी किंवा गॅरेजवाल्यांनी एकत्र पिंप भरलं तर घातक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवता येतं. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. रीतसर वाट कुठली, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात विचारून घ्या.

चुलीत घालायचा मोह होईल, कारण ती छान पेटते. घालू नका. इंजिन ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि रसायनं असतात, तो धूर स्वयंपाकघरात कोंडतो आणि घरच्या बायका-मुलांच्या छातीत जातो. शेणखताच्या खड्ड्यातही नको.

खानावळीच्या तेलाची गोष्ट जरा निराळी. थोडं खाद्यतेल लागलेला चुरा भरपूर सुक्या पाल्यात मिसळून कंपोस्टमध्ये जिरतो. पण एक धोका लक्षात ठेवा: खाद्यतेल लागलेल्या धाग्यांचा ढीग हवेशी प्रक्रिया होऊन आपोआप तापतो, आणि कोंडलेल्या जागी स्वतःहून पेटू शकतो. असे बोळे एकावर एक रचून पोत्यात ठेवू नका. त्याच दिवशी पसरून वाळवा किंवा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्याने भिजवून ठेवा.

वर्षाचं गणित

आमच्याकडे आता याचं वेळापत्रक बसलं आहे. फेब्रुवारीपासून सोडणं सोलायची, एप्रिलमध्ये सावर वेचायची, मे महिन्यात भाजणं आणि शिवणं. १ जूनला मासेमारी बंद होते आणि ३१ जुलैपर्यंत बोटी किनाऱ्यावर असतात. त्या दोन महिन्यांत बोटीचं बूड खरवडून कोरडं करायचं, शाफ्टचं पॅकिंग बदलायचं, डिझेलचे नळ आणि फिल्टरचे जोड तपासायचे. मागच्या वर्षी भावाने डिझेल फिल्टरखाली बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्याचं तबक ठोकलं. टपटप गळणारं डिझेल आता तबकात पडतं, पाण्यात पडत नाही, आणि आठवड्याला दोन लागायच्या त्या उश्यांची एकच लागते.